पेजेवर थांबलेली लढाई

सांगून आलेल्या मुलीची आजी बायजा ओसरीवर टेकते न टेकते, तोच येसाजीने लढाईचा विषय काढला. म्हादूने कपाळावर हात मारला. लेकाचं लग्न जमायच्या बेतात होतं, पाहुणे घर बघायला आले होते, आणि 'आबा, आज तेवढं काढू नगासा' असं त्याने बापाला सकाळीच बजावलं होतं. देसाई घराण्यातले दोन भाऊ दौलतीसाठी लढले तेव्हा ही माणसं धाकट्याकडे होती, येसाजी थोरल्याकडे. तेव्हापासून दोन्हीकडच्यांत सोयरीक झालीच नव्हती.

"नदीच्या उतारापातूर पळवलं व्हतं तुमास्नी," येसाजीचे डोळे लकाकले. काय दिवस होते ते! शिंग वाजलं की पाय आपोआप धावायचे. "थितं बघतो तर चूल पेटलेली, पेज रटरटतीया, मानूस येक न्हाई. आमी सकाळधरनं उपाशी. बसलो प्यायला."

पेज पोटात गेली आणि लढाई तिथंच संपली. ज्याच्या चुलीवरचं खाल्लं त्याच्यावर दिवस मावळेपर्यंत हात उगारायचा नाही, ही इथली रीत. तेवढ्यात धाकट्याची माणसं नदी उतरून गेली आणि पुढे निम्मी दौलत घेऊन बसली. सगळ्यांत आधी पेज येसाजीच प्याला होता. गावाने त्याला त्यावरून जन्मभर चिडवलं.

"येक सांगा," तो बायजाला म्हणाला, "मुद्दाम ठेवली व्हती न्हवं ती? आमी फसलो?"

बायजाने पदर सावरला.

"मीच रांधली व्हती. समदी पळाली. माजा दादला मागं झाडीत पडल्याला, मांडीत गोळी घिऊन. त्येला उचलाय कोन थांबंना. माज्या हातात दुसरं काय व्हतं? मीठ घातलं, जाळ सारला, नि झाडीत जाऊन त्येच्यापाशी बसली."

जुळलेलं मोडलं, असं म्हादूला वाटलं. येसाजीचा चेहरा पार उतरला होता.

"मग? वाचला त्यो?"

बायजाने खाली बोट दाखवलं. शेताच्या बांधावरून एक म्हातारा पाय ओढत, काठी टेकत, जागोजागी थांबत वर येत होता.

येसाजी बराच वेळ बघत राहिला. मग उठला, अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि त्याने हात पुढे केला.

"दमानं या, व्याही. आता कोन लागलंय तुमच्या पाठीमागं?"