दुसरी वायर

“दोन्ही वायरींना व्हय म्हन,” सोनबा मुकादमाने दारातच बजावलं होतं. “दुसरी मालकाच्या मेव्हन्याच्या कंपनीची हाय. नाय म्हनलीस तर घरी बस. बहिरं मानूस मशिनीवर ठेवत न्हाईत.”

आक्काबाईने ते त्याच्या ओठांवरून वाचलं. आधीच्या कारखान्याच्या गोंगाटात कान गेले, तेव्हापासून तिचं सगळं ऐकणं डोळ्यांनीच चाले.

चिंचवडच्या या नव्या कारखान्यात बहिऱ्यांसाठी ऐकायचं यंत्र बनत होतं, विड्यांच्या पुडक्याएवढं. ते बहिऱ्या बाईवरच तपासायचं, ही अक्कल तपासणीच्या साहेबांची. बाई कोणती निवडायची, ही मुकादमाची.

तिने यंत्र पदराआड खोचलं, वायरच्या टोकाची गोळी कानात बसवली. पहिली वायर मऊ होती, बाहेरची खरखर अडवायला आत तांब्याची दाट जाळी विणलेली. मान वळवली की तीही वळे.

“ऐकू येतंय?” साहेबांनी विचारलं.

आलं! अख्खा प्रश्न ऐकू आला. मागोमाग स्वतःच्या बांगड्याही वाजल्या. आक्काबाईचे डोळे भरून आले.

“व्हय साहेब.”

दुसरी वायर ताठ होती, जाळी नावालाच. जरा हललं की पदर घासून कानात नुसती खरखर, वर पलीकडच्या विजेच्या मोटारीची घरघर. साहेबांचे ओठ तसेच हलले.

“व्हय साहेब,” ती म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण घरी चार तोंडं खाणारी होती.

साहेब खिडकीकडे वळले. बराच वेळ पाठमोरेच उभे होते. सोनबा एकदम तिच्याकडे बघू लागला. काहीतरी विचारलेलं दिसतंय, हे तिने ताडलं.

“व्हय साहेब.”

साहेब वळले. तिच्याकडे न बघता त्यांनी कागदावर सही केली आणि मऊ वायर खणात टाकली.

बाहेर येताच तिने सोनबाला अडवलं. “पाठ फिरवून काय इचारलं त्यांनी?”

सोनबा समोर उभा राहून सावकाश बोलला. “म्हनले, दुसरीत तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, खरं ना?”

आक्काबाईने विचारलं, “मग? घरी बसू?”

“घरी कशाला? दुसरीच पास झाली की.” त्याने मान खाली घातली. मग तिला ओठ दिसावेत म्हणून पुन्हा वर केली. “सोमवारी परत बोलावलंय तुला. अजून चार वायरी तपासायच्यात.”