लाल दाणा

दाणा गाडग्यात पडला आणि लंकाबाईच्या लक्षात आलं, आपण घात करून घेतला.

घोंगडीच्या आडोशाला दोन गाडगी ठेवली होती, एक आबासाहेबांचं, एक वैजनाथचं. दोघंही एकाच पॅनलचे. सरपंचपदाला एकानंच उभं राहायचं, तो कोण ते वस्तीनं आधी ठरवायचं. चिठ्ठीवर अक्षर ओळखू येतं, म्हणून घरटी मक्याचा एक दाणा टाकायचा. दाण्याला कुठं तोंड असतं?

वस्तीच्या चारी बाजूंना धरणाचं पाणी. पलीकडे जायला एकच होडी, तीही आबासाहेबांची. वैजनाथ म्हणाला होता, निवडून आलो तर ग्रामपंचायतीची होडी आणतो. लंकाबाईच्या सुनेचे, निकिताचे दिवस भरत आले होते. त्या होडीपायीच लंकाबाईनं वैजनाथच्या गाडग्यात दाणा टाकला.

आणि आडोशाबाहेर येताच रांगेतल्या सत्यशीलाच्या तळहातावर तिची नजर गेली. पिवळाधमक दाणा. सगळ्यांचाच पिवळा, दुकानच्या बियाण्याचा. सासूच्या वेळचा लाल मका गाळपेरीत, धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत, अजून लावणारी अख्ख्या वस्तीत लंकाबाई एकटीच. सकाळी डब्यात हात घालताना ते सुचलंच नाही. रोजच्या दाण्याचा रंग कोण बघतं?

ती सत्यशीलाच्या कानाशी वाकली.

"सत्यशीला, आत गेलीस की माजा दाना तेवढा काढ गं. उजवीकडच्या गाडग्यातला."

"मला न्हाई बाई त्यात घिऊ," सत्यशीला म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली.

दुपारी देवळाच्या ओट्यावर आबासाहेबांनी स्वतःच्या हातानं गाडगी पालथी केली. एकीकडे पिवळा ढीग. दुसरीकडे मोजके दाणे, त्यांत एक लाल. वैजनाथ खाली बघत राहिला. लंकाबाई मागच्या मागे सरकली. पण सरकून जाणार कुठं? मागं पाणीच होतं.

आबासाहेबांनी लाल दाणा उचलून उन्हात धरला. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मानसं हायेत, मतं येगळी असायचीच," ते हसून म्हणाले. दाणा खिशात टाकला आणि जाता जाता तिच्यापाशी थांबले.

"वहिनी, निकिताचं दिवस भरलं का वो?"

"भरत आल्यात."

"जपा तिला. होडीचं इंजिन लई आवाज करतंय. आजच नगरला दुरुस्तीला टाकतो. आता कवा येतंय, काय सांगावं."

दिवस मावळायच्या आत इंजिनाचा आवाज पलीकडच्या काठाला गेला आणि थांबला. लंकाबाई अंगणात उभी राहून ऐकत होती.

"आत्याबाई," घरातनं निकिताची हाक आली. "जरा आत या. कंबर लई धरलीय."

लंकाबाईनं आधी पाण्याकडे पाहिलं.