चवथीचा फ्रीज

थर्मोकोलचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून सेजल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली. आत तिच्या सासूबाई शेवंतीबाई आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, बसून नारळ खोवत होत्या. उद्या चवथ. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधून झाली होती. श्रावण लागल्यापासून मासळी घराबाहेर होती, तरीही काल शेवंतीबाईंनी अख्खा फ्रीज लिंबाच्या सालीनं घासून पुसून काढला होता. आता फ्रीजरात नैवेद्याचं खोबरं तेवढं होतं.

सेजलच्या मागोमाग तिचा नवरा गौरेश आला. "औषध म्हणून सांग आणि फ्रीजरात ठेवून मोकळी हो," तो कुजबुजला. नवरा म्हणून गौरेशमध्ये नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. खोटं बोलताना मात्र तो इतका जपून बोले की घरभर ऐकू जायचं.

"कसला औषध?" आतून आवाज आला.

"औषध न्हय, आई." सेजल पुढे झाली. "माझ्या लॅबमधलो रिसेप्टर आसा. थंयचो ट्रान्सफॉर्मर जळलो, जनरेटर चालना, आणि मेकॅनिक चवथ सरल्याशिवाय येवचो ना. एकदा वितळलो की गेलो. परत गोठवून उपयोग ना. वर्सभर ह्याच कामात होतंय मी."

औद्योगिक वसाहतीतली तिची लॅब लहानशी. तीन वेळा बिघडल्यावर चौथ्यांदा जमलेला तो माल आता नखाएवढ्या बाटल्यांत होता, आणि भोवतीचा बर्फ संध्याकाळ काढील अशी खात्री नव्हती. चवथीच्या आदल्या दिवशी ज्या घरात चवथ नाही असं घर पेडण्यात शोधत हिंडायला वेळ कुठला?

"आणि ह्यो माणसाचो आसा," सेजल म्हणाली. गौरेशनं कपाळाला हात लावला.

आदोळी थांबली. "माणसाचो? चवथीच्या घरात?"

"कोणाच्या आंगातसून काढलेलो न्हय, आई. आपल्या रक्तात रोगाशी झगडणाऱ्यो पेशी असतत ना, तेंच्यार ह्यो बसलेलो असता. आयल्या-गेल्याक चाचपून बघता, आपलो की परको. तसोच आमी भायर तयार केलो. पुण्याच्या लॅबमधे ह्याच्यार संशोधन करतले, ते वाट बघतत."

"दारार बसान आपलो कोण, परको कोण बघता?" शेवंतीबाईंनी डब्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे सासूचाच काम."

गौरेश हसला. त्या हसल्या नाहीत.

"जल्माक इलो ह्यो?"

"ना."

"मेलो?"

"जिवंतच न्हय, तर मरतलो खंयसून?"

शेवंतीबाईंनी हाताला लागलेलं खोबरं झटकलं. "मगे सोयर ना, सुतक ना. ठेव."

गौरेशनं सेजलला कोपरानं ढोसलं. म्हणजे आता चल, पदरात पडलं ते पवित्र झालं. सेजललाही ते कळत होतं. डब्याचा तळ ओला लागायला लागला होता. पण ती जागची हलली नाही. उद्या याच खोबऱ्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, देवापुढे जाणार होत्या. सासूबाईंनी हो म्हटलं होतं ते अर्ध्यावर. उरलेलं अर्धं सांगितल्याशिवाय तिला फ्रीजला हात लावायचा नव्हता, मग वर्ष वाया गेलं तरी चालेल.

"आई, आणिक एक. ह्यो वाढवलो तो एका जनावराच्या पेशींत. हॅमस्टर म्हणतत तेका. उंदराच्या जातीचो."

"झाला!" गौरेश म्हणाला.

बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी गणपती टेम्पोतून घरी चालला होता. झांजा जवळ आल्या आणि लांब गेल्या. शेवंतीबाईंनी आदोळी बाजूला सारली. सेजलला वाटलं, संपलं सगळं.

"उंदराक चवथीच्या घरात ना कसा म्हणू?" त्या शेवटी म्हणाल्या. "पण उंदीर देवाच्या पायाकडे बसता. पानार न्हय."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि त्यांनी फ्रीज उघडला. खोबऱ्याचा डबा बाहेर काढला. मग खालचं दूध, लोणी, निवडून ठेवलेली भाजी, एकेक करून सगळं ओट्यावर मांडलं.

"आई, खोबरा खालच्या कप्प्यात ठेवला तर? ह्यो वर रवतलो."

"एकाच दाराआड? ती एकच पंगत जाली. चवथ सरापर्यंत फ्रीज तुझो."

"पण खोबरा भायर रवला तर रातीत आंबतला! सकाळपासून खोवतास तुमी."

"आंबू दे. फाल्यां सकाळी परत खोवतलंय." शेवंतीबाईंनी ओला हात पदराला पुसला आणि सुनेकडे पाहिलं. "तुझो तो परत खोवूक येता?"

सेजलनं नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"मगे रडतस कित्याक? घाल आत," शेवंतीबाई म्हणाल्या. "आणि दार घट्ट लाव."