बारावं स्थळ

"पायाकडं बघू नका ताई. लांब बघा, समोर!" युवराज काठावरून ओरडला. नवशिक्यांना पाण्यावर तरंगत्या फळीवर उभं राहून वल्हवायला तोच शिकवायचा.

शिवांजलीनं समोर बघितलं. गुडघ्यावरून एक पाय उचलला, मग दुसरा, आणि ती उभी राहिली. बंधाऱ्यामागचं पाणी संथ होतं. वल्हं मारलं की फळी गुमान पुढं सरकायची.

"पहिल्यांदाच आलात न्हवं? झकास जमलं!"

तिला त्याचं काही वाटलं नाही. सांगतील तसं करायची तिला सवय होती.

काठावर जानेवारीच्या कोवळ्या उन्हात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून दोन्हीकडची माणसं बसली होती. तिचे आईवडील आणि मुलाकडचे चौघं. हे तिचं बारावं स्थळ. मुलगा नंदीश, साखर कारखान्यात केमिस्ट. घरी पोहे खात बसण्यापेक्षा नदीवर भेटू, असं त्यानंच कळवलं होतं. वडीलधाऱ्यांना ते रुचलं नव्हतं, पण आले.

नंदीश शेजारच्या फळीवर अजून गुडघ्यांवरच होता.

"बँकेतली नोकरी पुढंही करायचीय तुम्हाला?"

"हो."

"आणि बदली झाली तर?"

"बघता येईल."

सात वर्षांत ही उत्तरं इतक्यांदा देऊन झाली होती, की तोंड आपोआप बोलायचं. पहिल्या दोन नकारांना ती रडली होती. पुढं पुढं नकाराचा फोन आला तरी ती भाजी चिरत राहायची. वाईट वाटत नाही याचंही तिला काही वाटेनासं झालं होतं.

"आता तुम्ही विचारा काहीतरी," नंदीश म्हणाला.

असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती शोधत राहिली. चार-पाच वल्ही मारून झाली तरी काही सापडेना.

"तुम्हाला पोहता येतं?" शेवटी तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग इथं कशाला बोलावलंत?"

"घरी मुलगा-मुलगी बोलतात, आणि आठ जण ऐकत बसतात. मला नऊ जणींनी नको म्हटलंय. सगळं त्यांच्या पुढ्यात. म्हटलं, या बारीला नको म्हणायचं झालं, तर निदान मला एकट्याला ऐकू यावं."

शिवांजलीनं वळून त्याच्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्या कानामागं साबणाचा फेस वाळून राहिला होता. ते बघताना तिचा तोल गेला.

पाणी नाकातोंडात गेलं. कानात शिरलं. छाती आवळून आली, पाठीतून सरसरत काहीतरी डोक्यापर्यंत गेलं. अंगातल्या तरंगत्या जाकिटानं तिला वर ढकललं, तेव्हा ती मोठमोठ्यानं श्वास घेत होती. नंदीश फळीवर पालथा पडून वल्हं तिच्याकडं पुढं करत होता. "धरा! धरा!" त्याचाच आवाज कापत होता. तिनं वल्हं धरलं. मग पायाला वाळू लागली. पाणी छातीएवढंच होतं.

खुर्च्यांवरची सगळी माणसं काठाशी धावली. आई उमादेवींनी तिला बाहेर ओढलं, अंगावरची शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि बाजूला नेलं. मुलाकडची माणसं बघत होती. उमादेवी तिच्या कानाशी लागल्या.

"लागलं न्हाई ना? मग सांग, कसं वाटलं?"

शिवांजलीचे दात वाजत होते. बोटं पांढरी पडली होती.

"लई गार हाय, अव्वा," ती आईला म्हणाली. "लई गार हाय पाणी." आणि ती एकदम हुंदके देऊन रडायला लागली.

उमादेवी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागल्या. मुलाची आत्या जवळ येत होती. उमादेवींनी मान न वळवताच तिला हातानं थांबवलं.