ओटिससाठी पेटी

ऐक ना. मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक.

टेसा तिच्या आजोबांच्या शेडमध्ये उभी आहे. हातात उशीचा अभ्रा, अभ्र्याच्या तोंडाला गाठ, आणि आत ओटिस. चार फुटी अजगर. माप द्यायला आणलाय, कारण त्याची जुनी काचेची पेटी आता त्याला पुरत नाही आणि नवी आजोबा करून देणार आहेत. पापॉ म्हणते ती त्यांना! ज्यांनी वर्षभरात ओटिसकडे एकदाही धड बघितलं नाही. "ते तुझं गांडूळ" म्हणतात. तेच पापॉ सकाळी फोन करून म्हणाले, "घेऊन ये त्याला. हात चालतोय तोवर करून टाकू."

टेसाने कागद पुढे केला. "बर्चचं प्लायवूड, पाऊण इंची. पाण्यातलं वॉर्निश. पुढे सरकती काच. बास."

"प्लायवूड!" पापॉ म्हणाले, जणू कुणी ताटात माती कालवली. "प्लायवूड खुराड्याला लावतात, पोरी. शिडी धर."

एक्याऐंशी वर्षांचा माणूस शिडी चढला. आढ्यावरून चादरीत गुंडाळलेल्या चार फळ्या खाली दिल्या, मग स्वतः उतरले, आणि चादर सोडली. अगं, सगळी शेड वासाने भरून गेली. देवदार. लालभडक, मधून पांढरट शिरा. त्यांच्याकडे मुलीच्या लग्नाला गोधड्या ठेवायला याच लाकडाची पेटी करतात, माहितीये ना? त्याच फळ्या. टेसा जन्मली त्या वर्षी पापॉंनी स्वतः झाड तोडून ठेवलेल्या.

"तू तर लग्न करणार नाही म्हणतेस," पापॉ फळीवरून तळवा फिरवत म्हणाले. तळवा थरथरत होता. "मग कुणासाठी सांभाळू? तुझं म्हणून जे काय आहे ते हे गांडूळ. राहू दे त्याला यात. कसर लागायची नाही."

आता बघ हं. कसर का लागत नाही? त्या वासाने. आणि त्याच वासाने साप मरतो. लगेच नाही, हळूहळू, छाती धरत जाते त्याची. साप पाळणारा कालचा नवशिकासुद्धा सांगेल, काहीही वापर पण देवदार नको.

टेसाने सांगायला तोंड उघडलं. पापॉंनी कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारली. वाकडी आली. थुंकी लावून अंगठ्याने पुसली, परत मारली. परत वाकडी. मग तिच्याकडे न बघताच करवत उचलली.

"पापॉ, थांब!"

"आता काय?"

विष आहे हे, असं म्हणायचं होतं तिला. निघालं भलतंच. "या फळ्या... माझ्या पेटीला राहू देत ना."

करवत खाली आली. "तुझ्या पेटीला?"

"हो."

"गोधड्यांच्या?"

"हो, पापॉ."

बाळाला दुपट्यात गुंडाळतात ना, तशा त्यांनी फळ्या परत चादरीत गुंडाळल्या. कोपऱ्यातलं प्लायवूड ओढलं, धूळ झटकली. आणि चक्क शिट्टी वाजवायला लागले! बऱ्याच वेळाने, एकदम हलक्या आवाजात विचारलं, "नाव काय त्याचं?"

टेसाला भरून आलं. वर्षभर गांडूळ गांडूळ, आणि आज नाव विचारतायत. तिने अभ्रा छातीशी धरला. "ओटिस."

"ओटिस." त्यांनी ते जिभेवर घोळवून बघितलं. "स्वभावाने?"

"खूप शांत. आवाजच नाही त्याला."

"पिण्याबिण्याचं?"

"पाणी पितो. तेही थोडंसंच."

"तुला त्रास नाही ना देत?"

"छे! गळ्यात पडून झोपतो नुसता."

पापॉ खोकले. "बरं, बरं. ते मला सांगायची गरज नाही." टेप सर्रकन आत गेली. "रविवारी चर्चनंतर जेवायला आण त्याला. कोंबडी करतो. कोंबडी चालते ना?"

तेव्हा कुठे टेसाच्या डोक्यात उजेड पडला, पापॉ नवरदेवाची चौकशी करतायत! तिने परत तोंड उघडलं. पण पापॉंची शिट्टी परत सुरू झाली होती, आणि आजी गेल्यापासून ती शिट्टी कुणी ऐकली नव्हती गं.

शनिवारी ती पेटी न्यायला गेली. पेटी म्हणजे काय सांगू! सांध्यात केस जाणार नाही. आतली एकूण एक कड हाताने घासून गोल केलेली. "गांडुळाच्या पोटाला लागायला नको," पापॉ म्हणाले. मग हात धरून तिला पलीकडच्या टेबलाशी नेलं आणि चादर बाजूला केली.

देवदाराचं झाकण, गोधड्यांच्या पेटीचं. कापलेलं, घासलेलं, आणि मधोमध एकच अक्षर कोरलेलं. इंग्रजी ओ.

"तुझा टी काय, दोन सरळ रेघा, कधीही होईल," पापॉ म्हणाले. "गोल अवघड असतो. चार दिवस लागले. म्हटलं, हातात आहे तोवर त्याचं करून घ्यावं."

टेसाने त्या ‘ओ’वरून बोट फिरवलं. कुठे म्हणजे कुठे थरथर नाही. वेटोळं घालून ओटिस झोपतो ना, हुबेहूब तसा.

पापॉंनी फुंकर मारून भुसा उडवला. "मग? उद्या किती वाजता येतोय तो?"

सांग ना. तू असतीस तर काय सांगितलं असतंस?