उंदरांसाठी चांगलं घर

"तुमच्या घरात साप आहे?" वर्षानं दारातच विचारलं.

"आहे," उंदीर मागायला आलेला चेतन म्हणाला. "परदेशी अजगर. कागदपत्रं आहेत."

दुसरा कुणी असता तर सरळ नाही म्हणाला असता. हा बाबा खरं बोलला आणि तिथंच फसला.

वर्षा पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या दुकानात कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी प्राणीमित्र मंडळात. मागच्या महिन्यात तिनं एका दुकानातून तीन पांढरे उंदीर सोडवून आणले होते. सापांना खाऊ घालायला ते तिथं जिवंत विकायला ठेवले होते. तेव्हापासून तिचा जीव त्या पिंजऱ्यात अडकला होता. ती कामावरून आली की तिघं गजांशी येऊन उभे राहत, आणि धाकटा तर तिच्या ओढणीत शिरून झोपून जाई. त्यांना माया करणारं घर मिळावं, एवढंच तिला हवं होतं. तेही लवकर. रविवारी घरात कानबाई देवी बसणार होती, भिंतींना रंग देऊन झाला होता, आणि आई पुष्पाबाईंनी बजावलं होतं, "कानबाई येवाना आगोदर हाई पिंजरा घरमाईन काढ."

"वर्षाबेन, मला हे सापासाठी नकोत, पोरीला पाळायला हवेत," चेतन म्हणाला. "सापाला मी जिवंत उंदीर कधीच देत नाही. बर्फातला मेलेला देतो. जिवंत टाकला की तो बिचारा भीतीनंच अर्धा होतो, आणि जीव वाचवायला सापालाच चावतो."

सापवाल्याच्या तोंडून दया ऐकून वर्षाचं डोकंच फिरलं. मुक्या जिवांबद्दल तिनं त्याला भरपूर सुनावलं. तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता. मग चपला घालून गेला.

दुसऱ्या दिवशी बमरोलीहून सुकलालकाका आले. पुष्पाबाईंच्या माहेरच्या गावचे. कापडाच्या लूमवर मुकादम, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. पिंजऱ्यासमोर बसून त्यांनी आधी हात जोडले.

"काका, घरात साप?"

"नही व माय. साप कसाले ठेवसू घरमा?"

"मांजर?"

"तीबी नही."

मग त्यांनीच चौकशी केली. तिघं निरोगी आहेत ना, अंगावर जखम-बिखम नाही ना, खातात-पितात ना. वर्षाला भरून आलं. आजवर उंदरांच्या तब्येतीची विचारपूस कुणी केली नव्हती. कशाला हवेत, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. माळकरी माणसाला असलं विचारतात का? पुष्पाबाईंनी चहा टाकला, आणि वर्षानं डोळे पुसत पिंजरा त्यांच्या हातात दिला.

नागपंचमी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी शेंगदाण्यांची पुडी घेऊन ती बमरोलीला गेली. पिंजरा ओट्यावर धुऊन पालथा घातलेला होता.

"काका, उंदीर कुठं आहेत?"

"वाहिले ना काल नागोबाला," सुकलालकाका आनंदानं म्हणाले. "खाडीकाठी वारूळ आहे. एकेकाला हळद-कुंकू लावलं आणि बिळात सोडलं."

वर्षा ओट्यावर टेकली. ओढणीत झोपणारा धाकटा डोळ्यांपुढून हलेना.

"तुम्ही तर माळकरी," ती म्हणाली.

"म्हणूनच जिवंत सोडले. आम्ही हातानं मुंगी मारत नाही." काका तिच्याजवळ बसले. "इतकी वर्षं आम्ही अडाणी लोक वारुळाला दूध ठेवत होतो. यंदा तुमच्या मंडळाच्या पोरी गल्लीत येऊन समजावून गेल्या. म्हणाल्या, नाग दूध पीत नाही, बळजबरीनं पाजलं तर मरतो. त्याचं खाणं म्हणजे उंदीर. मग म्हटलं, मुक्या जिवाचे हाल कशाला?"

काकांनी घरातून ज्वारीच्या लाह्यांचा प्रसाद आणला आणि तिची मूठ उघडून त्यात ठेवला.

"वाहताना नाव तुझंच घेतलं, पोरी," ते म्हणाले. "पुण्य सगळं तुलाच."