ओहोटीची तारीख

“समुद्र आहे तिथे गाव होतं, याला पुरावा काय?” कोळसा जाळून वीज करणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी विचारलं. अशा धुरानेच हवा तापली, समुद्र चढला आणि गाव बुडालं, असा कोळणींचा दावा होता.

साक्षीच्या पिंजऱ्यातल्या चांगुणाबाईंनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजल्या. “बाईसाहेब, पुढची तारीख अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची द्या, सकाळची. मोठ्या ओहोटीला आमची विहीर वर येते. येऊन बघा.”

वकील हसले. न्यायाधीशबाईंनी मात्र कॅलेंडर मागवलं, अमावास्या शोधली आणि तीच तारीख दिली.

त्या सकाळी समुद्र मागे मागे सरला आणि चिखलातून काळ्या दगडांचा कठडा वर आला. न्यायाधीशबाईंनी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि घोटाभर चिखल तुडवत त्या विहिरीपाशी गेल्या. चांगुणाबाई बघतच राहिल्या. साक्षीला जाताना त्यांनी चपला कोर्टाच्या पायरीवरच काढल्या होत्या. आज कोर्टच अनवाणी त्यांच्या पाणवठ्यावर आलं होतं.

कठड्यावर दोरांनी पडलेल्या खाचा होत्या. न्यायाधीशबाईंनी एका खाचेत बोट घातलं. ते पेरभर आत गेलं. “किती वर्षांची असेल ही?”

“माझी आजी लग्न होऊन आली, तेव्हापण होती म्हणायची.”

“मॅडम, भरती लागली,” वकील किनाऱ्याकडे वळत म्हणाले. पाणी पावलांवर आलं होतं. न्यायाधीशबाई हलल्या नाहीत. खाचेतलं बोट तसंच ठेवून त्यांनी कारकुनाला सांगितलं,

“लिहा. न्यायालय गावच्या विहिरीवर उभं आहे. पाणी चढतं आहे.”